माधवीची हाक

लातूरच्या भूकंपात विमलाबाईंची सहा वर्षांची माधवी गेली. पुढे नवरा-बायको डोंबिवलीत आले. धोंडीबा एमआयडीसीत वॉचमन झाला, त्या बालवाडीत शिकवू लागल्या. त्या पहाटेविषयी घरात कोणी बोलत नसे.

त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी ठाण्यातल्या एका कॉलेजने परदेशी विद्यापीठाबरोबर भूकंपाचा अभ्यास सुरू केला. कल्याण-डोंबिवलीतल्या इमारतींत कंपनं मोजणारी यंत्रं बसली. शाळांमध्ये जाऊन शिकवायला माणसं हवी होती. विमलाबाई आपणहून गेल्या. बाकाखाली शिरायचं, बाकाचा पाय घट्ट धरायचा, डोकं झाकायचं, हे त्या मुलांकडून पुन्हापुन्हा करून घेत.

प्रकल्पाचे प्रमुख साकेतसर म्हणाले, "बाई, माधवीचंही सांगा. त्याशिवाय लोक मनावर घेत नाहीत."

पहिल्यांदा विमलाबाईंना ते पुरतं सांगता आलं नाही. तिसाव्या वेळेला मात्र सगळं पाठ म्हटल्यासारखं होऊ लागलं.

मग परदेशी पाहुणे आले. कार्यक्रमाआधी साकेतसर हळूच म्हणाले, "हल्ली तुम्ही फार भरभर उरकता. आज मुलीचा भाग जरा सावकाश घ्या. शूटिंग आहे."

विमलाबाईंनी सावकाश घेतलं. बोलता बोलता तोंडून निघून गेलं, "तासभर ती ढिगाऱ्याखालून आई, आई करत होती." हॉलमध्ये लोक डोळे पुसू लागले. खरं तर माधवीच्या तोंडून आवाजही निघाला नव्हता.

आठवड्याने शेजारच्या जयेशने तो व्हिडिओ मोबाइलवर धोंडीबाला कौतुकाने दाखवला. धोंडीबा घरी आला तो चपला न काढताच उभा राहिला.

"ती हाका मारत होती?"

"नाही हो. बोलण्याच्या भरात..."

"पोर गेली, आधी सासूबाईंना काढा, असं तूच ओरडलीस. म्हणून मी आईच्या बाजूला खणत बसलो."

"गेलीच होती ती. देवाशपथ सांगते."

"चारशे लोकांसमोर एक सांगतेस, मला एक. कुठलं खरं धरू?"

साकेतसरांना फोन करून विमलाबाईंनी व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. "अहो, सगळ्यात जास्त तोच पाहिला जातोय," ते म्हणाले. "लोक शिकतायत त्यातून."

विमलाबाईंनी शाळांमध्ये जाणं सोडलं. धोंडीबा तेव्हापासून त्यांच्या हातचं जेवत नाही. खाली वडापाव खाऊन येतो. कधी दुपारी अचानक विचारतो, "आवाज कुठून येत होता? चुलीच्या अंगाने?"

त्या नाही म्हणतात. तो मान हलवतो आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारतो.