उभा कागद, आडवा पडदा

यादव पुना बैसाणे याला चिडायला एरवीही फारसं कारण लागत नसे, पण १९९८ च्या दिवाळीनंतर त्याला ते रोजच मिळू लागलं. तहसील कचेरीतला आवक-जावकचा कारकून अभिमन टपरीवर चहा पिता पिता सहज बोलून गेला, "यादवभाऊ, नव्या सालापासून कॉम्प्युटरचाच कागद लागणार म्हणे. साहेब बोलत होते." एवढं बोलून तो बशी ठेवून आत गेला.

कचेरीबाहेरच्या निंबाखाली तो सव्वीस वर्षं टाइपरायटर मांडून बसत होता. त्याच्या बापानं, पुनानं, एकदा दुसऱ्यानं लिहून आणलेल्या कागदावर अंगठा उठवला होता. आत काय आहे ते त्याला कुणी वाचून दाखवलं नाही. चार महिन्यांनी कळलं, की घरालगतची जागा आपण राजीखुशीनं सोडून दिली आहे. यादवनं धुळ्याच्या देवपुरात टायपिंगच्या क्लासला नाव घातलं ते त्या रागातच. म्हणून त्याचा नेम असा, की मशीनमधून कागद निघाला की तो मांडीवर घ्यायचा, ओळीखाली बोट फिरवत समोरच्याला दोनदा वाचून दाखवायचा, "समजनं?" म्हणून विचारायचं आणि मगच अंगठ्याच्या शाईची डबी उघडायची. घाईवाले त्याच्या नावानं बोटं मोडत. पण खेड्यापाड्यातली म्हातारी माणसं बाकीचे दोन टायपिस्ट ओलांडून त्याच्याकडेच येत.

आता हे सगळं बुडणार होतं. वय त्रेपन्न, दुसरं काही येत नाही, आणि निंबाच्या खोडात काही प्लग नसतो. म्हणजे विजेविना चालणारा कॉम्प्युटर हवा. लॅपटॉप नावाची चीज असते एवढं त्यानं ऐकलं होतं. घरावर स्लॅब टाकायला साठवलेली पुंजी त्यानं काढली, तेव्हा बायको पार्वताबाई एवढंच म्हणाली, "इतला पैसामा आपला स्लॅब पडी जाता." तो नोटा पुन्हा मोजू लागला.

धुळ्यातल्या पहिल्या दुकानात त्याला गाणी ऐकवली. दुसऱ्यात पडद्यावर मोटारी पळवून दाखवल्या. "मला अर्ज लिहायचेत हो," यादव म्हणाला, तर पोरगेला विक्रेता हसून म्हणाला, "काका, मग टाइपरायटर काय वाईट आहे?" यादवला वाटलं, याच्या कानाखाली एक वाजवावी.

जळगावच्या दुकानात तो तयारीनं गेला. पिशवीतून त्यानं कोरा फुलस्केप काढला आणि एकेका लॅपटॉपच्या पडद्यावर उभा धरून पाहू लागला. एकातही कागद मावेना. बारा इंचीत तर नाहीच, पण चौदा इंचीतही खालचा निम्मा कागद लोंबकळत राहिला.

"कागद उभा आणि पडदा आडवा! हे कोणत्या शहाण्यानं ठरवलं?"

"वर-खाली सरकवायचं असतं," दुकानदार म्हणाला.

"मला अख्खा अर्ज एका नजरेत दिसायला हवा. लोकांना वाचून दाखवतो मी."

"असा लॅपटॉप अजून निघाला नाही भाऊ. निघाला की कळवतो."

शेवटी जुन्यातला चौदा इंची त्याला पसंत पडला. मराठी अक्षरं टाइपरायटरच्या जागीच होती, म्हणजे बोटांना नव्यानं शाळेत घालावं लागणार नव्हतं. राहिली बॅटरी. दुकानदार म्हणाला, तीन तास चालते. "चालवून दाखवा," म्हणून यादव घड्याळ काढून स्टुलावर ठाण मांडून बसला. दुकानात गिऱ्हाइकं आली, गेली, दुकानदार जेवून आला, तरी हा बसलेलाच. तीन तासांना सहा मिनिटं कमी असताना पडदा काळा झाला, तेव्हा कुठं त्याचं समाधान झालं. कंटाळलेल्या दुकानदारानं प्रिंटरचं खोकं पुढं सरकवलं. "ही वायर लॅपटॉपला जोडायची. बस." ते खोकं यादवनं उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

जानेवारीतला पहिला कामाचा दिवस. बॅटरी पुरती भरून घेऊन दुपारी निघताना पार्वताबाईनं जुना टाइपरायटर सायकलला बांधला. "त्याले बी संगे लई जा." "कसाले?" तो खेकसला, पण सोडायला वेळ नव्हता.

निंबाखाली भागाबाई आधीच येऊन बसली होती. नवरा गेलेली, सत्तरीला टेकलेली बाई. सरकारी निराधार पगाराच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस होता आणि तिच्या गावाची शेवटची गाडी पाचची. आज चुकलं तर पुढचं वर्ष.

तीनच्या सुमाराला यादवनं ऐटीत लॅपटॉप उघडला, आणि पडद्यात त्याला स्वतःचंच तोंड दिसलं. मागं निंबाच्या फांद्या, वर लख्ख ऊन. अक्षर एक दिसेना. ज्या वस्तूला त्यानं तीन तास घड्याळ लावलं, ती त्यानं एकदाही दुकानाच्या पायरीवर उन्हात आणून पाहिली नव्हती! टपरीवाल्याची घोंगडी मागून घेतली, डोक्यावरून पांघरली आणि आतल्या अंधारात घामाघूम होत अर्ज लिहिला. मग नेमाप्रमाणं भागाबाईलाही घोंगडीत बोलावलं. रस्त्यावरचे लोक उभे राहून हसू लागले. यादवनं दोनदा वाचलं, पडद्यावर बोट फिरवलं.

"समजनं, अक्का?"

"समजनं. पण अंगठा कोठे लाऊ, भाऊ? आठे ते कागदच नही."

कागद येईल की आता, म्हणत त्यानं प्रिंटरचं खोकं फोडलं. वायर लॅपटॉपला जोडली. प्रिंटर ढिम्म. मग खोक्याच्या तळाशी दुसरी वायर सापडली, टोकाला भिंतीचा प्लग असलेली. यादव त्या प्लगकडे बघतच राहिला. सव्वीस वर्षं त्याच्या बोटाखाली अक्षर उमटलं की ते कागदावरच असायचं. लिहिणं वेगळं आणि छापणं वेगळं, दोहोंना वीज वेगवेगळी लागते, हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. तो टपरीकडे धावला. टपरीवाला म्हणाला, "लाइट बारालाच गेली. सहाशिवाय येत नाही."

तेव्हा यादवला रडूच आलं. स्लॅबचा, दुकानदाराचा, अभिमनचा, सगळ्यांचा राग आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. पण म्हातारी समोर होती आणि कचेरीच्या घड्याळात सव्वाचार. त्यानं सायकलवरून टाइपरायटर सोडला. एक हात घोंगडी सावरायला, डोकं आत, डोकं बाहेर. लॅपटॉपवरची ओळ वाचायची आणि टाइपरायटरवर बडवायची. निघालेला कागद मांडीवर घेऊन तो तिसऱ्यांदा वाचला. भागाबाईनं बोट फिरत गेलं तिथवर पाहिलं आणि शेवटी बरोब्बर जागेवर अंगठा उठवला.

पाचला दहा कमी असताना त्यानं अर्ज आवकच्या खिडकीतून आत सरकवला. अभिमननं वर न बघताच शिक्का मारला.

"कॉम्प्युटरचा नाही तो," यादव कसाबसा बोलला.

"मग?"

"तूच म्हणाला होतास ना, नव्या सालापासून..."

"अरे हो, म्हणत होते खरे साहेब. पण त्यांची तर मागच्याच महिन्यात बदली झाली." अभिमननं पोच फाडून दिली. "यादवभाऊ, अंगठा आहे ना खाली? झालं तर मग."

भागाबाई पोच पदराला गाठ मारून गाडीकडे पळाली. यादव निंबाखाली परतला. घोंगडीखाली लॅपटॉप अजून चालूच होता, भागाबाईचा अर्ज निम्मा दाखवत. बॅटरी अजून तासभर पुरणार होती. तेवढं मात्र दुकानदार खरं बोलला होता.