टेकडीवरच्या यंत्राने खाल्लेली सात मिनिटं

नुहादचा बाप जॉर्डनमधल्या सॉल्ट गावाच्या डोंगरउतारावर विहिरींचे पंप दुरुस्त करायचा. लेकीला त्याने आवाज पारखणारा कान दिला. नुसता आवाज ऐकून ती सांगायची, कोणता पंप कुठे दुखतोय. पुढे टेकडीवर शास्त्रज्ञांनी सूक्ष्म कण पळवणारं मोठं गोल यंत्र उभारलं, तेव्हा त्याला थंड ठेवणारे पाण्याचे पंप तिच्याच हाती आले. चाळिशीत ती पाळीप्रमुख झाली आणि सगळ्या गल्लीत बकलाव्याची मिठाई वाटली गेली.

मग एका वसंतात एका शास्त्रज्ञाने शाळेत व्याख्यान दिलं. यंत्रातले कण इतक्या वेगाने पळतात की त्यांच्यापुरता काळ मंदावतो, असं तो म्हणाला. ‘त्यांच्यापुरता’ एवढं शाळेतच राहिलं, बाकीचं घरोघर पोचलं. त्यात गल्लीच्या बैठकीच्या खोलीतलं विजेवरचं घड्याळ त्याच वसंतापासून दिवसाला सात मिनिटं मागे पडत होतं. यंत्र काळ खातं, असं ठरूनच गेलं. उद्या पोरांची वाढ खुंटेल, परवा मेलेले उठून दारात येतील, काय वाटेल ते.

शुक्रवारच्या नमाजानंतर सात वडीलधारे नुहादकडे आले, पुढे हाजी फव्वाज. तिने कॉफी ओतली. हाजींनी पेला न पिता मेजावर ठेवला आणि बाकीच्या सहांनीही ठेवले. तिथली रीतच आहे, मागणं घेऊन आलेल्या पाहुण्याने ते मान्य होईपर्यंत कॉफीला ओठ लावायचे नसतात. आणि पाहुणे तसेच उठून गेले, तर त्या घराची अब्रू गेली.

“ती नोकरी सोड, पोरी,” हाजी म्हणाले.

याच माणसांनी तिच्या बापाला खांदा दिला होता. तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. तिने विचारलं, “काका, तुमच्या मनगटावरचं घड्याळ का मागे पडत नाही?”

“त्याच्यावर मी रोज कुराणाची आयत पढून फुंकर घालतो.”

एवढ्यात बाहेर हाजींचा जनरेटर धापा टाकताना तिला ऐकू आला. वीज कंपनीशी भांडून हाजींनी तो त्याच वसंतात आणला होता आणि बैठकीची वीज त्याच्यावरच चालायची. त्याचा सूर किंचित पडलेला होता. नुहाद मनात हसली, पण कारण सांगितलं नाही. सांगून पटणारी माणसं नव्हती ती.

“बैठकीतलं ते घड्याळ यंत्राला खेटून लावू. उद्याच्या दुपारच्या अजानपर्यंत तुम्ही स्वतः राखणीला बसा. सात मिनिटं गेली तर मी नोकरी सोडते. पेले तोवर इथेच राहू देत.”

हाजी भित्रे नव्हते. पंपघरात खुर्ची टाकून, हातात जपमाळ घेऊन, ते चोवीस तास घड्याळासमोर बसले. भिंतीपलीकडे यंत्र पूर्ण जोराने घुमत होतं. नुहाद शेजारी पंपांची पाळी करत होती आणि खरं सांगायचं तर तिचीही नजर सारखी त्या घड्याळाकडे जात होती. आपला कान चुकला असेल तर?

दुसऱ्या दिवशी अजान झाली. हाजींनी मनगट घड्याळाशी धरलं, चष्मा पुसला, पुन्हा धरलं. सेकंदाचाही फरक नव्हता. त्यांची बायको फाटकापाशी थांबली होती, तिने आधी त्यांची दाढी एका दिवसाइतकी वाढलीय का ते बघून घेतलं.

हाजींसोबत घरी परतताना नुहाद जनरेटरपाशी थांबली. “हा वेगाचा स्क्रू कोणी सैल केला, काका?”

“मीच,” हाजी जमिनीकडे बघत म्हणाले. “डिझेल फार पीत होता.”

“मग तो मंद चालला आणि त्याच्या विजेच्या ठेक्यावर चालणारं घड्याळही मंद चाललं. टेकडीवर वीज कंपनीची आहे, तिचा ठेका चुकत नाही.” तिने पाना काढला आणि सगळ्या गल्लीदेखत स्क्रू आवळला. जनरेटरचा सूर चढला, तशी बघणाऱ्यांत खसखस पिकली.

घरात सातही पेले तसेच होते, कॉफीचा गाळ तळाशी बसलेला. ताजी आणते, म्हणून ती उठली, तर हाजींनी हाताने थांबवलं. कालचा तो गार, कडू पेला त्यांनी एका दमात संपवला. पुरे असेल तर पाहुणा रिकामा पेला हलवून परत देतो. हाजींनी हलवला नाही, तसाच पुढे धरला.

“आता गरम घाल,” ते म्हणाले, “पाळीप्रमुखबाई.”