काचेची सुलट बाजू

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नणंदबाई, बावीस वर्षं एका प्रयोगशाळेत मांस कापतायत. असं सांगितलं की पाहुण्यांचा घास हातातच राहतो, म्हणून मला तसंच सांगायची हौस. खरं तर त्या उणे वीस अंशांच्या पेटीत हात घालून कॅन्सरच्या गोठवलेल्या गाठीचे केसाहून पातळ काप काढतात, काचेवर चिकटवतात आणि वर रसायनाचा फवारा मारतात. मग मशीन त्यावर लेझर फिरवून औषध गाठीत कुठवर पोचलं त्याचा नकाशा काढतं. मी त्याच इमारतीत स्टोअर सांभाळते. काचा माझ्याकडूनच जातात.

या काचेच्या एकाच बाजूवरून वीज वाहते. काप त्याच बाजूला लागायला हवा, नाहीतर नकाशाच्या नावाने शंख. दिसायला दोन्ही बाजू सारख्याच. म्हणून वन्सं प्रत्येक काचेला मीटर लावतात. काटा हलला तरच काप. बाकीचे हसतात. वन्सं कुठल्या नाकावर माशी बसू देतायत! "हसा. रडायची वेळ आली की मला बोलावू नका."

गेल्या महिन्यात एका गाठीचा शेवटचा तुकडा उरला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. ज्या बाईंची ती गाठ, त्या मरण्याआधी ती संशोधनासाठी देऊन गेलेल्या. काम दाखवायला मोठे सर चार पाहुणे घेऊन आले.

"यांचा हात कधी चुकत नाही," सर म्हणाले.

वन्सं लाजल्या. लाजता लाजता सगळे काप एकाच काचेवर लावून, फवारा मारून मोकळ्या झाल्या. पाहुणे गेल्यावर आवरताना मीटर हाती आला. काचेच्या मोकळ्या कोपऱ्याला लावला. काटा ढिम्म.

माझ्याकडे आल्या तेव्हा चेहरा पांढराफटक. मी शहाणपण शिकवलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसा." त्या ऐकतात होय! तडक सरांपुढे.

"सर, काच उलटी लागली. चूक माझी आहे."

"तुमच्याकडून? शक्यच नाही," म्हणत सरांनी काच मशीनमध्ये घालायला लावली.

नकाशा कोरा आला. सरांनी मशीनवाल्याला बोलावलं. वन्संनी त्यालाही खरं ते सांगितलं. पण सरांशी वाद कोण घालणार? एक धडधाकट भाग बदलून, 'मशीनचा दोष' असं लिहून तो गेला. वर सरांनी भर बैठकीत वन्संना निर्दोष कामाचं प्रशस्तिपत्र दिलं. मी पोट धरून हसले.

वन्सं हसल्या नाहीत. "बावीस वर्षं सांगतेय, काच तपासा, कुणी ऐकलं नाही. आता सांगतेय, मी तपासली नाही. तेही कुणी ऐकत नाही."

"मग सुटलात की!"

"कसली सुटतेय, वहिनी? त्या बाईंच्या घरी जाऊन माफी मागावी म्हटलं, तर गाठीच्या डबीवर नाव नाही, नुसता नंबर."