वेशीवरचं हृदय आणि कोंबड्याचा पाय

लावू डोंगराकडनं कोरडा, बोचरा वारा सुटला होता आणि लेगिमान गवंडी गावच्या वेशीवर उकिडवा बसून ओट्यावर सिमेंटचं हृदय घोटत होता. पांढरं हृदय, भोवती लाल काठ, मधे मोगऱ्याचं फूल. सिलाट ह्या तिकडच्या मर्दानी खेळाच्या त्यांच्या आखाड्याचं हे चिन्ह. काठ म्हणजे धैर्य, फूल म्हणजे नम्रता, हे गावातलं शेंबडं पोरही घडाघडा म्हणे. शेजारच्या गावानं आपल्या आखाड्याचं चिन्ह चांगलं हातभर मोठं बांधलं होतं. तेव्हापासनं इकडं नम्रता जरा मागं पडली होती.

सुरो, म्हणजे तिकडच्या वर्षाचा पहिला महिना, लागला होता. त्याच संध्याकाळी नव्या पोरापोरींची आखाड्याची शपथ होती, आणि त्यात लेगिमानची लेक वुर्यानी होती. शपथेला ज्यानं त्यानं आपला कोंबडा आणायचा, तोही निर्दोष. कोंबड्यात खोट निघाली की माणूस पुढच्या सुरोपर्यंत लटकला. लेगिमान तरुणपणी असाच एका काण्या कोंबड्यापायी लटकला होता, आणि गाव ते अजून विसरलं नव्हतं.

भात आणि टेम्पे, म्हणजे सोयाबीनची वडी, खाऊन तो परत येतो, तर वुर्यानीचा कोंबडा डालग्याखालून निसटून ओल्या हृदयावर एक पाय पोटाशी घेऊन ध्यानस्थ उभा. लेगिमाननं त्याला काखेत मारून घरी नेलं, पाय खरवडला. सगळं काही निघालं नाही. तो लिंपायला परतला तोवर वाऱ्यानं सिमेंट आवळलं होतं, माणसं जमली होती, आणि फुलाच्या डोक्यावर उमटलेल्या तीन बोटांना सरपंच दार्मोनं त्रिशूळ ठरवून टाकलं होतं. मन, वाणी आणि कर्म. दुपारपर्यंत पोरांचं ते पाठही झालं. लेगिमाननं थापी खाली ठेवली. ठसा कोंबड्याचा म्हणावं, तर लोक कोंबड्याचा पाय बघणार, आणि बोटांतलं सिमेंट खोट ठरून पोरगी लटकणार.

संध्याकाळी मदियुन शहरातनं आखाड्याचे प्रविरो गुरुजी शपथ द्यायला आले. दार्मोनं त्रिशूळ समजावला, गुरुजींनी मान डोलावली. मग कोंबडे तपासायला घेतले. वुर्यानीच्या कोंबड्याचा तुरा बघितला, डोळे बघितले, पाय उचलला आणि तसाच धरून ठेवला. लेगिमान पुढं सरसावला.

"ह्याच्या बोटांत काय अडकलंय रं?"

"शेण असंल, गुरुजी."

गुरुजी कोंबडा काखेत घेऊन वेशीवर गेले. मागनं अख्खं गाव. त्यांनी तो पाय ठशावर टेकवला. मापाचा जोडा बसावा तसा बसला.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतंय व्हय, लेगिमान?" गुरुजी म्हणाले. "मन, वाणी, कर्म सगळं ह्याच्याच पायात हाय म्हणता. मग मी ह्यात खोट ती कसली काढू? बस, पोरी, शपथेला."

वुर्यानीनं हात जोडले.

"पण आपल्या चिन्हात त्रिशूळ न्हाई. शपथेआधी बुजवा. आन् फुलाचा अर्थ काय, ते दार्मोकडनं एकदा म्हणून घ्या."

दार्मो मान खाली घालून म्हणाला, "नम्रता." लेगिमानची बायको सुकिनेम पदराआड हसली, म्हणाली, "आमचं काणं कोंबडं बरं होतं. निदान गावाला शिकवीत तरी नव्हतं."

लेगिमाननं आधी कोंबडा घरी नेऊन डालग्याखाली घातला आणि वर धोंडा ठेवला. मग थापी उचलली आणि पुन्हा सिमेंट कालवायला बसला.