चकचकीत दाण्यातलं विष

तिला सगळी प्रयोगशाळा बुरशीबाई म्हणे, आणि तिला त्याचा राग म्हणून येत नसे. उलट कुणी नवीन आलं की हीच हात पुढे करायची, "मी बुरशीबाई. हात धुतलेत, घाबरू नका!" घरी आई कपाळाला हात लावायची. "लोकांच्या मुली कामावरून येताना फळं आणतात. ही शिळ्या पावावरची बुरशी बघत बसते, वर पाव टाकूही देत नाही!"

मक्याच्या कणसाला लागणारी एक बुरशी तर तिने जणू दत्तकच घेतली होती. ही बया कणीस खाते ते खातेच, दाण्यात विषही सोडून ठेवते. आता बुरशीच्या पोटात जनुकं ढीगभर, पण सगळीच काही राबत नाहीत. काही नुसते मुकादम. स्वतः काडी उचलणार नाहीत. तू वाढ, तू थांब, तू विषाची भट्टी पेटव, असे हुकूम तेवढे सोडणार. असल्याच एका मुकादमाला बुरशीबाईने कामावरून काढलं, म्हणजे ते जनुकच बंद पाडलं. झालं, बुरशी रोडावली, कणसावर पसरेचना. तिचे विभागप्रमुख हरखून गेले. या मुकादमाचं तोंड बंद करणारी फवारणी काढायची, असं म्हणून त्यांनी बियाणेवाल्यांची सभासुद्धा बोलावून टाकली.

बुरशीबाईने मात्र दाणे दळून विष मोजलं. ते कमी व्हायचं सोडून चांगलंच वाढलेलं! म्हणजे हा मुकादम एका हाताने वाढीला रेटा देत होता आणि दुसऱ्या हाताने भट्टीवर झाकण दाबून बसला होता. तो गेला, झाकण उडालं.

"यंत्र नीट धुतलं नसशील," साहेब म्हणाले.

"धुतलं. पुन्हा मोजलं. मग शेजारच्या प्रयोगशाळेत जाऊन मोजलं."

"हे बघ, सभेत वाढीचं तेवढं सांगू. विषाचं मागाहून पाहू."

"मागाहून म्हणजे, हा मका खाऊन कोंबड्या मेल्यावर?"

"मग तुझं नाव या कामातून काढावं लागेल."

"नाव खुशाल काढा, साहेब. विष तेवढं झाकू नका."

आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आणि नोकरी गेली तर?"

"तर तुझ्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळा थाटीन."

"नको गं बाई! त्यापेक्षा जा आणि ठणकावून सांग त्यांना."

सभेत साहेबांचं भाषण रंगात आलं होतं, तोच ही दोन झाकणबंद बरण्या घेऊन पुढे आली. एकीतलं कणीस बुरशीने पांढरंफटक, दुसरीतलं चकचकीत.

"काका, कोंबड्यांना कुठलं घालाल?" तिने पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बियाणेवाल्याला विचारलं.

"हे काय विचारणं झालं? हे चांगलं दिसतंय ते."

"त्यातच विष जास्त आहे. साहेबांची फवारणी असलंच कणीस पिकवील."

म्हातारा साहेबांकडे वळला. "काय हो, पोरगी खरं बोलतेय?"

साहेबांनी चष्मा पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. बुरशीबाई बरण्या धरून तशीच उभी. शेवटी ते पुटपुटले, "खरं आहे."

फवारणी तिथेच बारगळली. साहेबांनी राग काढला तो बुरशीबाईच्या टेबलावर. ते जिन्याखाली, बादल्या-झाडूंच्या शेजारी गेलं. अंधार, ओल, कुबट वास. आत पाऊल टाकताच बाई खदखदून हसली.

"साहेब, उपकार झाले! बुरशीला अश्शीच जागा लागते."

आणि बाह्या सावरून ती, वाढीत लुडबुड न करता फक्त विषाची भट्टी पेटवणारा मुकादम शोधायला बसली.