काकूच्या म्हशीला दुर्बीण

मी गुरांची डॉक्टर. नोकरी उदगीरला, आणि रेणापूरच्या माझ्या काकूच्या मते गुरांतलं मला ओ की ठो कळत नाही. गेल्या वर्षी तिची पित्ताची पिशवी लातूरला दुर्बिणीनं काढली. पोटावर बोटाच्या पेराएवढ्या खुणा, आणि बाई लगेच गोठ्यात हजर. डॉक्टरांनी दिलेलं चित्रीकरण तिनं मोबाइलवर आल्यागेल्या सगळ्यांना दाखवलं. चहाबरोबर तिची पित्ताची पिशवी बघणं पाहुण्यांना भागच होतं.

यंदा तिची म्हैस व्याली आणि मागचा एक सड बंद निघाला. कास दुधानं तटतटलेली, पण त्या सडातून धार येईना. अशा वेळी आम्ही बारीक सुरी आत घालून अंदाजानं अडथळा कापतो. आत काय झालं ते कुणालाच दिसत नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची. काकूच्या आधीच्या म्हशीचं असंच केलं गेलं. सड सुजला, कास नासली आणि म्हैस गेली. काकू तेव्हा धड जेवतही नव्हती. आता तिनं मला फोनवर ठणकावलं.

"माझ्या पोटात बगून कापलं. हिच्या सडात आंधळ्यावानी सुरी घालू देनार न्हाई मी."

मी लातूरच्या एका मूतखड्याच्या डॉक्टरांकडे गेले. लहान मुलांच्या लघवीच्या वाटेत घालायची एक बारीक दुर्बीण त्यांच्या कपाटात पडून होती. म्हशीसाठी हवी म्हटल्यावर ते पोट धरून हसले. पण कॅमेरा आणि छोट्या पडद्यासकट त्यांनी ती दिली.

गोठ्यात अर्धी गल्ली जमली होती. म्हैस खोड्यात बांधली, सडाच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन दिलं, पडदा सुरू केला आणि दुर्बीण आत सरकवली. आधी सगळं पांढरं दिसलं, मधे काहीतरी काळं. दुधात नीट काय दिसणार? सलाईननं सड आतून धुतला, तेव्हा गुलाबी भिंती दिसू लागल्या, आणि मधोमध ते काळं, गोळ्यासारखं.

 काळं म्हणजे मेलेलं मांस, म्हणजे हाही सड गेला. मी दुर्बीण पुढे नेली, मागे घेतली, फिरवली. भिंती हलत होत्या, गोळा जागचा हलेना. बाहेर काढून काच पुसली, पुन्हा आत घातली, तरी तो तिथंच. काकूला काय सांगायचं, हे मी मनात जुळवू लागले. तेवढ्यात तीच मागून शांतपणे बोलली.

"ते काजळ हाय. एवढी मानसं तिची कास आतून बगून राहिली, दिष्ट न्हाई का लागनार?"

मी इंजेक्शन देत होते तेव्हा, पडदा बंद असताना, तिनं त्याला गालबोट लावलं होतं. काळ्या पडद्यावर ते दिसणार कुणाला? मी इतकी भडकले की म्हैससुद्धा कान टवकारून बघायला लागली. पूस म्हटलं तर काकू ऐकेना. शेवटी तिनंच बोटानं ते कोपऱ्यात सारलं.

आणि गालबोटामागं लपलेली खरी गाठ दिसली. तुरीच्या दाण्याएवढी, गुलाबी, वाट अडवून बसलेली. दुर्बिणीतूनच बारीक चिमटा घालून मी ती कुरतडत काढली, चिमट्याचा प्रत्येक घास बघत. मग दुर्बीण काढून सड हलकेच पिळला. आधी सलाईन आलं, थोडं रक्त आलं, आणि मग दुधाची सणसणीत धार थेट माझ्या चपलेवर. मला रडू आलं आणि मी हसत सुटले. आयुष्यात इतका अभिमान मला स्वतःचा कधीच वाटला नव्हता, आणि तो मी लपवलाही नाही.

आवराआवर करताना काकू पडद्याजवळ गेली. कोपऱ्यात उरलेलं काजळ तिनं बोटावर घेतलं आणि माझ्या कानामागं लावलं.

"आता तुला लागंल," ती म्हणाली.

उदगीरला घरी पोचल्यावरही मी ते पुसलं नाही.