भिंतीवरचे सासरे

गेल्या पावसाळ्यात विंझरच्या आमच्या घरात माझे सासरे भिंतीवर उगवले. (ते वारून बरीच वर्षं झाली होती.)

झालं असं, की गच्चीवरचा पाइप तुंबला, पाणी स्लॅबमध्ये मुरलं आणि आतल्या खोलीची भिंत ओली झाली. मी वर प्लास्टिक अंथरलं आणि जाहीर केलं, "वाळंल आपोआप." वेल्ह्याच्या पावसाला हे कुणी कळवलं नसावं. भिंतीला काळी बुरशी धरली. त्याच खोलीत भोंगवलीहून राहायला आलेल्या सासूबाई झोपायच्या.

एका सकाळी त्यांनी माझ्या बायकोला हाक मारली. "सुनंदे, हितं ये. ह्यो तुझा बाप न्हाई का?"

बायकोनं मान तिरकी केली. "व्हय गं आई. फेटाबी तसाच."

मला नुसता डाग दिसत होता. पण पुढं त्याला मिशी फुटली, तेव्हा मीही चपला बाहेर काढून आत जाऊ लागलो. (हयातीत मी त्यांना एवढा मान दिला नव्हता.) सासूबाईंनी पलंग भिंतीला लावला, खिडकी बंद केली. "त्यास्नी गार वारा सोसत न्हाई," म्हणाल्या. सासरे पोटापर्यंत वाढले, तसा सासूबाईंचा खोकलाही वाढला. मग छातीत घरघर सुरू झाली. एक दिवस त्यांना बोलताही येईना, तेव्हा आम्ही घाबरून दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात बुरशी आहे का?"

"सासरे आहेत," मी म्हणालो.

सगळं ऐकून ते शांतपणे म्हणाले, "आजच पुसा. ही श्वासातून आत जाते. आजी परत त्या खोलीत झोपल्या, तर मला विचारायला येऊ नका."

सासूबाईंना वाफ देणं चाललं होतं. बायकोला तिथं ठेवून मी घरी आलो, खिडकी उघडली, तोंडाला फडकं बांधलं आणि फिनेल घेऊन घासायला लागलो. पोट सहज गेलं. मिशीपाशी हात थांबला. "आबा, माफ करा," म्हणालो आणि डोळे मिटून पुसलं. मग पाइपही मोकळा केला.

संध्याकाळी सासूबाई कोऱ्या भिंतीपुढं उभ्या राहिल्या. "पाव्हणं, इचारायचं तरी," एवढंच म्हणाल्या, आणि भोंगवलीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून माणसं सांत्वनाला आली. खोकला थांबल्यामुळे सासूबाईंना आता लई नीट रडता येत होतं. मी चहा घेऊन बाहेर आलो, तर एक म्हातारे पाहुणे शेजारच्याला हळूच विचारत होते, "कशानं गेलं म्हनं?"

"जावयानं फिनेल घातलं."

मी ट्रे पुढं केला. कुणीही कप उचलला नाही.